शेजारच्या आजींचा १९६४ चा हूवर व्हॅक्यूम क्लीनर उघडून बसलोय, मदत हवी

ॲक्रनचा_खटपट्या

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. मी ओहायोत ॲक्रनजवळ राहतो. शेजारी एक अमेरिकन आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. आम्ही इथे नवीन आलो तेव्हा पहिल्या हिवाळ्यात बर्फ कसा उपसायचा इथपासून सगळं त्यांनी शिकवलं, माझ्या लेकीला तर त्या हक्काची आज्जीच आहेत. आता घर विकून मुलीकडे चालल्यात, तीन आठवडे राहिलेत. बेसमेंट रिकामं करताना त्यांचा हूवर कन्व्हर्टिबल निघाला, १९६४ ला लग्नात मिळालेला. उभा दांडा, मागे कापडी पिशवी, पुढे दिवा, चांगला जडशीळ. एका दुकानात दाखवला तर उघडूनही न बघता फेकून द्या म्हणाले. आजी काही बोलल्या नाहीत, फक्त परत येताना गाडीत त्या पिशवीवरून हात फिरवत होत्या. मी म्हटलं मी बघतो.

परिस्थिती अशी आहे की लावला की मोटर फिरते पण किंचाळल्यासारखा आवाज येतो, मिनिटभरात रबर जळल्याचा वास, खालचा ब्रश फिरतच नाही, आणि मागच्या फटीतून ठिणग्या दिसतात. वायर हातात धरली की वरचं रबर खपलीसारखं पडतंय. मिक्सर, पंखे, सायकली एवढं घरी करतो, पण हे मशीन पहिल्यांदाच. कुठून सुरुवात करू?

तपकीर_गल्लीकर

दादा, सुरुवात प्लग काढण्यापासून. रबर खपलीसारखं पडतंय म्हणताय आणि तरी लावून बघितलंत, परत लावू नका. या मशीनची बॉडी धातूची, प्लग दोन पिनांचा म्हणजे अर्थिंग नाही, त्यात दांड्याला हात लावून तुम्ही चालणार. आतल्या आत वायर बॉडीला टेकली तर शॉक थेट तुम्हाला.

मी पुण्यात मोटर वाइंडिंगचं काम करतो, तीस वर्षं झाली. हूवर हातात आला नाही कधी पण युनिव्हर्सल मोटर ती युनिव्हर्सल मोटर, तुमच्या मिक्सरमधे, ड्रिलमधे, शिलाई मशीनला लावतात त्यात, सगळीकडे तीच. आर्मेचर म्हणजे फिरणारा भाग, फिल्ड म्हणजे त्याच्याभोवतीचं स्थिर वाइंडिंग, वीज आत पोचवणारे दोन कार्बन, दोन टोकांना बेअरिंग नाहीतर बुश, म्हणजे गोळ्या नसलेली साधी नळी. त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

क्रम असा ठेवा. आधी वायर पूर्ण नवी, जोड नाही टेप नाही, स्विचपासून प्लगपर्यंत नवी. मग मल्टीमीटर ओहमच्या सगळ्यात वरच्या रेंजवर ठेवून स्विच ऑन स्थितीत प्लगची एकेक पिन आणि बॉडी यांच्यामधे बघा, काहीही रीडिंग येता कामा नये. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, मिळाला तर ५०० व्होल्टवर बघा, एक मेगओहमच्या खाली आला तर पुढे जाऊ नका. एवढं झाल्यावर सिरीज बोर्ड. १०० वॉटचा साधा फिलामेंटचा बल्ब मशीनच्या सिरीजमधे लावायचा, एलईडी चालणार नाही. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल आणि मशीन वाचेल. आमच्याकडे कुठलीही अनोळखी मोटर आली की ती आधी सिरीज बोर्डावरच जाते, थेट लाइनवर कधीच नाही.

गोधडी

अय्या कन्व्हर्टिबल! माझ्याकडे किर्बी कंपनीचा व्हॅक्यूम आहे, क्लासिक थ्री, न्यू जर्सीत एडिसनला एका घरगुती सेलमधे पंधरा डॉलरला घेतलेली, आठ वर्षं वापरतेय. तीही उभीच, तीही ओहायोचीच, क्लीव्हलंडची.

वास आणि किंचाळणं यावर माझं मत सांगते. खालचा ब्रशचा रोलर जाम झालाय, मोटर फिरतेय, आणि मधला रबरी पट्टा जागच्या जागी घासून जळतोय. तळाची प्लेट काढा, पट्टा सोडवा, आणि रोलर दोन बोटांनी फिरवून बघा. हलका फिरला पाहिजे आणि थोडा वेळ फिरत राहिला पाहिजे. माझ्या रोलरच्या दोन टोकांना एवढे केस गुंडाळले होते की आतली टोपीच दिसत नव्हती. जुनी ब्लेड घेऊन लांबीने एक चीर द्या म्हणजे सगळं एकदम सुटतं, पण ब्रिसल, म्हणजे ब्रशचे स्वतःचे केस, कापू नका. टोकाच्या टोप्या निघाल्या तर आतले फेल्टचे वॉशर फेकू नका हां, धूळ अडवायचं काम तेच करतात.

आणि ब्रिसल किती उरलेत बघा. तळावर एक पट्टी आडवी ठेवायची, ब्रिसल पट्टीला लागत नसतील तर रोलर नुसता हवेत फिरणार, गालिच्याला स्पर्शच नाही.

ॲक्रनचा_खटपट्या

गोधडीताई, तुमचं निदान अगदी बरोबर निघालं. काल रात्री लेक झोपल्यावर तळ उघडला. पट्टा एका जागी अर्धा झिजून काळा चकचकीत झालेला, मोटरच्या दांड्यावर जळलेल्या रबराचा थर. रोलरच्या डाव्या टोकाला केस, दोरे, ख्रिसमसच्या झाडाच्या चंदेरी झिरमिळ्या, आणि त्या सगळ्याच्या आत घट्ट बसलेली एक केसांची पिन. ती काढली आणि रोलर फिरला. ब्रिसल पट्टीला जेमतेम लागतात, पण लागतात.

दांड्यावरचं रबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, डिसमिसने खरवडायचा मोह आवरला कारण चरा पडला तर नवा पट्टा खाईल.

आता मोटर. पंखा हाताने फिरवला तर खरखर लागते, वाळू असल्यासारखी.

पश्चिम_लंडन

वाखुसा (वाचनखूण साठवली)! माझ्याकडे हूवर ज्युनिअर आहे, त्याच घराण्यातला ब्रिटिश धाकटा भाऊ. इकडे वेस्टर्न ॲव्हेन्यूवर पेरिव्हेलला हूवरची १९३३ ची पांढरी इमारत अजून उभी आहे, आता तिथे सुपरमार्केट आणि फ्लॅट झालेत, पण रात्री हिरवे दिवे लागतात तेव्हा मी दरवेळी गाडी हळू करतो.

इकडच्या लोकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट, जुन्या ब्रिटिश मशीनमधे रेडिओत खरखर येऊ नये म्हणून एक छोटा कपॅसिटर असतो. कागदाचा असेल तर इतक्या वर्षांत त्याला तडे जातात, ओल शिरते, आणि एक दिवस फटकन धूर. मोटर जळली समजून लोक मशीन टाकून देतात आणि मोटर ठणठणीत असते. बदलताना थेट मेन लाइनसाठीचा एक्स किंवा वाय क्लासचाच घ्यायचा, जागेप्रमाणे, साधा रेडिओतला नाही.

वायरच्या रंगांचंही लक्षात ठेवा. इथल्या जुन्या मशीनमधे लाल म्हणजे लाइव्ह, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. नंतर चॉकलेटी, निळी आणि हिरवी-पिवळी आली. जुनी मशीन नवी वायर असेल तर दोन्ही रंग एकाच डबीत भेटतात.

तपकीर_गल्लीकर

पश्चिम लंडन यांनी रंगांचा विषय काढला ते फार बरं झालं, मी तेच लिहायला आलो होतो. खटपट्या दादा, भारतात आपल्या हाताला सवय आहे की काळी म्हणजे न्यूट्रल. अमेरिकेत काळी म्हणजे लाइव्ह आणि पांढरी न्यूट्रल. सवयीने जोडलंत तर उलटं होईल. मशीन फिरेल, काही कळणारही नाही, पण स्विच न्यूट्रलवर बसेल आणि बंद केल्यावरही आत करंट उभा राहील. नव्या वायरचा प्लग एक पिन रुंद असलेला घ्या, रुंद पिन म्हणजे न्यूट्रल, आणि स्विच लाइव्हवरच पाहिजे. जिथे वायर बॉडीत शिरते तिथला रबरी ग्रोमेट नवा घाला आणि आत गाठ मारा म्हणजे ओढ जोडावर येणार नाही.

खरखर म्हणजे बेअरिंग. तुम्ही आता काहीतरी स्प्रे मारायचा विचार करत असाल, मारू नका. ते गंजलेले नट सोडवायचे स्प्रे जुनं ग्रीस धुऊन काढतात, चार दिवस मस्त फिरेल आणि पाचव्या दिवशी कोरडं पडेल. बेअरिंग बदला. नंबर वाचता आला तर सोपं, नाहीतर व्हर्निअरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा. ६०८ म्हणजे ८, २२ आणि ७ मिलिमीटर, जगात कुठेही मिळतं. पण अमेरिकन जुन्या मशीनमधे इंची माप निघू शकतं, अंदाजाने मागवू नका. पत्र्याचं झाकण असलेलं घ्या, घट्ट रबरी सीलचं या स्पीडला थोडं जड जातं.

काढताना पुलर वापरा, हातोडी नाही. बसवताना दाब आतल्या रिंगवरच द्या. बाहेरच्या रिंगवर ठोकलंत तर गोळ्यांच्या खाचा पडतील आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून ओरडेल. मागच्या बाजूला बुश असेल तर त्याला ग्रीस नाही, २० नंबरचं डिटर्जंट नसलेलं तेल, दोन थेंब फेल्टला. जास्त तेल कॉम्युटेटरवर, म्हणजे कार्बन जिथे घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर, उडतं, त्याच्यावर कार्बनची भुकटी बसते आणि मग ठिणग्या.

शंकानिरसन

धागा आवडीने वाचतोय. एक मनापासूनचा प्रश्न, रागावू नका. ऐंशी शंभर डॉलरात नवा मिळतो, हलका असतो, फिल्टर चांगला असतो. घरात माझ्या मुलाला दमा आहे म्हणून विचारतोय, जुन्या कापडी पिशवीतून धूळ बाहेर येत नाही का?

मिशिगन_मामा

शंकानिरसन, रागावण्यासारखं काहीच नाही, हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा. हो, येते. जुन्या हूवर किर्बीमधे कचरा आधी पंख्यातून जातो आणि मग पिशवीत, पिशवी फुगते ती त्याच हवेने, आणि नुसतं कापड बारीक धूळ अडवत नाही. आत कागदाची किंवा हल्लीची सिंथेटिक पिशवी बसत असेल तर फरक पडतो, पण दम्याच्या पेशंटच्या खोलीत मी जुनं मशीन वापरणार नाही. तिथे बंदिस्त बॉडीचं आणि हेपा, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या, फिल्टरचंच पाहिजे.

अजून एक, खटपट्या तुमच्यासाठी. ती जुनी पिशवी घरात झटकू नका. अमेरिकेत घरांच्या रंगातलं शिसं १९७८ ला बंद झालं, त्याच्या आधीच्या घरात वापरलेल्या मशीनच्या पिशवीत शिशाची धूळ असू शकते, घरात लहान मुलगी आहे. मास्क लावून, बाहेर, आतला कचरा ओला करून बंद पिशवीत. आणि ती कापडी पिशवी वॉशिंग मशीनला लावायची नाही, तिच्या आतल्या बाजूचं अस्तर गेलं की मग ती चाळणीच.

ॲक्रनचा_खटपट्या

मामा, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं, आजींचं घर १९५० च्या दशकातलं आहे. आज दुपारीच गराजच्या बाहेर मास्क लावून पिशवी रिकामी केली, लेकीला आत ठेवलं. आतून कागदी पिशवी बसवायची सोय आहे, ती मागवली.

शंकानिरसन, दम्याचा विषय निघालाय तर सांगतो, या मशीनचा जन्मच दम्यातून झालाय आणि तो माझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या आत. कँटनमधे जेम्स मरे स्पँगलर नावाचा माणूस एका दुकानात झाडलोट करायचा. झाडूने गालिचे झाडताना धूळ उडायची आणि त्याला दम्याचा त्रास व्हायचा. त्याने पंख्याची मोटर, साबणाचं खोकं, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र बनवलं, फिरता ब्रश धूळ उडवणार, पंखा ती ओढणार आणि अभ्र्यात भरणार. २ जून १९०८ ला पेटंट मिळालं. त्याच्याकडे कारखाना काढण्याइतके पैसे नव्हते. त्याच्या नात्यातल्या सुझन हूवर यांनी ते यंत्र वापरलं, त्यांचे यजमान विल्यम हूवर यांचा घोड्यांच्या खोगीर-लगामांचा चामड्याचा धंदा, आणि मोटारी आल्यामुळे घोडे कमी व्हायला लागलेले. त्यांनी पेटंट घेतलं आणि गावात कारखाना सुरू केला. गावाचं नाव तेव्हा न्यू बर्लिन होतं, पहिल्या महायुद्धात १९१८ ला बदलून नॉर्थ कँटन केलं. तिथे हूवरचं म्युझियम आहे, लेकीला घेऊन गेलो होतो, ती अभ्र्याजवळून हलायलाच तयार नव्हती.

नवा का नाही घेत याचं उत्तर, नवा आहे घरात. पण नव्याची मोटर गेली की ते अख्खं प्लास्टिकचं खोकं बदलायचं, माझ्यासारख्याला उघडायची जागाच ठेवलेली नाही. हा मी काल साध्या डिसमिसने पूर्ण उघडला, एकही क्लिप तुटली नाही कारण क्लिपा नाहीतच, सगळे स्क्रू. ज्यांनी १९६४ ला हा बनवला त्यांनी पुढे कोणीतरी तो उघडेल हे धरूनच बनवलाय. माझे बाबा नाशिकला एकाच रेडिओची चाळीस वर्षं देखभाल करायचे, तो उघडताना त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मला काल समजलं.

आता ठिणग्या. कार्बन काढले, एक बरा आहे, दुसरा अगदी आखूड आणि एका बाजूने तिरका झिजलाय. कॉम्युटेटर काळा पडलाय.

तपकीर_गल्लीकर

कार्बन जोडीनेच बदलायचे, एक नवा एक जुना कधीच नाही. नेमक्या मापाचे नाही मिळाले तर थोडे मोठे घ्या आणि सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून मापात आणा, होल्डरमधे अडकता कामा नयेत आणि डुगडुगताही कामा नयेत. स्प्रिंग तपासा, तापून ढिली पडली असेल तर नवा कार्बनही ठिणग्या मारेल.

कॉम्युटेटर चॉकलेटी आणि एकसारखा असेल तर तो निरोगी रंग आहे, त्याला चकचकीत करायच्या भानगडीत पडू नका. काळा आणि खडबडीत असेल तर बारीक पॉलिश पेपरची पट्टी करून हलका हात मारा. एमरी पेपर नाही! त्याचे कण वीज वाहतात आणि तांब्याच्या पट्ट्यांच्या मधे अडकून शॉर्ट करतात. नंतर त्या पट्ट्यांमधल्या खाचा लाकडी टूथपिकने साफ करा. कार्बनला गोलाई द्यायला पॉलिश पेपर कॉम्युटेटरवर गुंडाळायचा, खरखरीत बाजू कार्बनकडे, आणि आर्मेचर हाताने फिरवायचं. सगळी भुकटी फुंकून काढा.

मग सिरीज बोर्डावर लावा. कार्बनच्या टोकाशी बारीक निळसर ठिणग्या चालतात. पण कॉम्युटेटरभोवती पूर्ण गोल आगीचं कडं दिसलं तर आर्मेचरचं वाइंडिंग आतून शॉर्ट आहे, मग थांबा आणि मला सांगा, आपण रिवाइंडिंगचा विचार करू.

कोथरूडची_मावशी

बाळांनो मधेच विचारते. माझा मुलगा टेक्ससहून परत येतोय, त्याच्याकडे असाच जुना किर्बी आहे आणि तो पुण्याला आणतो म्हणतोय. चालेल का इथे?

तपकीर_गल्लीकर

मावशी, तो १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. थेट लावला तर काही सेकंदात खलास. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल, चालू होताना जास्त करंट घेतो म्हणून १००० व्हीएच्या खाली नको. ५० आणि ६० हर्ट्झचा फरक या मोटरला बाधत नाही.

गोधडी

मावशी, चालेल पण मी आणू नका म्हणेन. उभं मशीन गालिच्यासाठी आहे, ब्रश गालिचा बडवतो तेव्हा आत मुरलेली रेती वर येते, हूवरने १९२६ मधे ब्रशच्या रोलरला धातूची बडवणी पट्टी लावली ती त्याच्याचसाठी. आपल्या फरशीवर तोच ब्रश खडे इकडेतिकडे उडवतो. त्यात कचरा पंख्यातून जात असल्यामुळे एखादा खडा किंवा नाणं गेलं की पाती तुटतात, माझ्या किर्बीचं एक पातं एका छोट्या स्क्रूने तुटलं आणि मशीन असं थरथरायला लागलं की मला ते पकडून धरता येईना. वजनही खूप, ट्रान्सफॉर्मर वेगळा. घरी गालिचे असतील तरच.

कोथरूडची_मावशी

नाहीयेत ग. एक सतरंजी आहे, ती मी गच्चीत झटकते. सांगते त्याला.

ॲक्रनचा_खटपट्या

झालं!! आणि नाहीसुद्धा. बेअरिंग नवं, बुशला तेल, कार्बनची जोडी नवी, वायर नवी, काळी स्विचला पांढरी थेट. मल्टीमीटरवर बॉडीशी काही नाही. सिरीज बोर्डावर बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला, मोटर सावकाश फिरायला लागली, ठिणग्या नावाला. मग थेट लावला आणि असा सुंदर घुमला की बायको वरून खाली आली.

पण गालिच्यावर चालवला तर कचरा आत जायच्याऐवजी पुढे उडतोय. मीठ टाकून बघितलं, सगळं समोरच्या भिंतीपर्यंत गेलं. हवा ओढतोय, पिशवी फुगतेय. काय चुकलं?

गोधडी

पट्टा काढा आणि उलटा पीळ देऊन घाला :)

मोटरचा दांडा आणि रोलर एकमेकांना काटकोनात, त्यामुळे पट्ट्याला मधे पीळ द्यावाच लागतो. तो एका बाजूने दिला तर रोलर बरोबर फिरतो, दुसऱ्या बाजूने दिला तर उलटा. बसतो दोन्हीकडून तितकाच छान. तळाच्या प्लेटजवळ बाण किंवा आकृती असते बघा, धुळीने झाकली गेली असेल. रोलरच्या खालच्या बाजूने कचरा मागे, तोंडाकडे गेला पाहिजे. आणि उंची फार खाली ठेवू नका, ब्रश गालिच्यात रुतला की पट्टा परत जळेल. वरून सुरुवात करून एकेक पायरी खाली आणा, मोटरचा आवाज जरासा जड झाला की तिथे थांबा.

जास्तीचे पट्टे दोनच घ्या, दहा नको. रबर न वापरताही कडक होतं.

पश्चिम_लंडन

पीळ! मी पहिल्या ज्युनिअरला हेच करून दोन महिने वापरला होता. खटपट्या, निकाल कळवा.

ॲक्रनचा_खटपट्या

आकृती होती. अगदी तिथेच, साठ वर्षांच्या मळाखाली. पीळ बदलला आणि एका फेरीत मिठाचा कणही उरला नाही. आमच्या नव्या मशीनने रोज साफ होणाऱ्या गालिच्यातून पहिल्या दहा मिनिटांत जी बारीक रेती निघाली ती मी वाटीत घेऊन बायकोला दाखवली.

संध्याकाळी आजींकडे घेऊन गेलो. त्यांनी स्वतः लावला, काही बोलायच्या आधी पायाने दांड्याचं पेडल दाबून दांडा खाली घेतला, बघायलाही लागलं नाही, आणि हॉलमधून सरळ पट्टे मारत गेल्या, जाताना आणि येताना. मग बंद केला आणि म्हणाल्या आवाज हाच होता. ती केसांची पिन पाकिटात घालून दिली, ती त्यांच्या बहिणीची निघाली. मशीन त्यांच्याबरोबर मुलीकडे जातंय. मुलीला पट्टा कसा घालायचा, पिशवी कधी बदलायची आणि बुशला वर्षातून एकदा दोनच थेंब, हे कागदावर लिहून पिशवीच्या खिशात ठेवलंय, पिळाचं चित्र लेकीने काढलं.

तपकीर गल्लीकर दादा, गोधडीताई, मामा, पश्चिम लंडन, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या दिव्याचा बल्ब तेवढा राहिलाय, १२० व्होल्ट १५ वॉटचा, शनिवारपर्यंत येईल.